पेठेची टीम लीगमध्ये चालवायची तर: नव्या मॅनेजरसाठी

विसर्जनाची मिरवणूक संपली, मांडव उतरला, की कोल्हापुरातल्या तालमीत जी बैठक बसते तिच्यात दोनच विषय असतात. गणपतीचा हिशेब आणि फुटबॉलची टीम. पहिल्या विषयावर दोन तास भांडण होतं. दुसरा पाच मिनिटांत उरकतो, कारण तोवर सगळ्यांना भूक लागलेली असते. त्या पाच मिनिटांत कुणीतरी तुमच्याकडे बोट दाखवून म्हणतं, “यंदा टीम ह्यो बघंल.” टाळ्या पडतात आणि तुम्ही मॅनेजर होता.

ज्याच्यावर अशा टाळ्या पडल्या आहेत त्याच्यासाठी हा लेख आहे. मी स्वतः आठ हंगाम एका लहान मंडळाच्या टीमची फाइल सांभाळली. प्रशिक्षक मी कधीच नव्हतो, त्यामुळे ४-३-३ खेळावं की ४-४-२ हे मला विचारू नका. मैदानाबाहेरची कामं मात्र चुका करत करत शिकलो, आणि ती शिकवायला कुणी बसत नाही.

आधी गणित समजून घ्या

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, १९४० सालची. तिच्या वरिष्ठ गटाच्या लीगमध्ये सोळा संघ असतात आणि त्यांचे आठ-आठचे दोन भाग: सुपर सीनियर आणि सीनियर. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, फुलेवाडी, संध्यामठ, जुना बुधवार, झुंजार ही नावं ऐकत आपण मोठे झालो. यातली बरीच मंडळं मुळात कुस्तीच्या तालमी. लाल मातीचा हौदा आणि फुटबॉल एकाच छपराखाली नांदतात, हे बाहेरगावच्या माणसाला पटवताना आपली दमछाक होते.

आठ संघांनी एकमेकांशी एकदाच खेळायचं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सात मॅच. दोन्ही भाग मिळून ५६. जिंकलं की ३ गुण, बरोबरीचा १. तुमच्या अख्ख्या हंगामाची कमाई जास्तीत जास्त २१ गुण, बस. युरोपातल्या मोठ्या लीगमध्ये संघ ३४ ते ३८ मॅच खेळतात, तिथं एखादी मॅच ढिसाळपणात गेली तरी भरून काढायला वेळ असतो. इथं एक मॅच गेली की सातवा हिस्सा गेला. अशा दोन मॅच गेल्या की डोकं वरच्या क्रमांकाचा विचार सोडून तळाकडे बघायला लागतं, कारण सुपर सीनियरमधले तळाचे संघ खाली उतरतात. पुढे जे जे सांगतो आहे, ते या सात आकड्यामुळे.

हंगामाचं परिपत्रक हातात पडलं की चहा पिता पिता चाळू नका. पेन घेऊन बसा. गुण समान झाले तर आधी गोलफरक बघायचा की आपसातल्या मॅचचा निकाल, किती पिवळ्या कार्डांवर एक मॅच बंदी, बदली खेळाडू किती, नोंदणीची शेवटची तारीख कोणती, या चार गोष्टी वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तालमीच्या भिंतीवर डकवा. दरवर्षी थोडंफार बदलतं. “मागल्या वर्षी तर असं होतं” या वाक्याला कार्यालयात किंमत नाही.

पैशाची वही गणपतीच्या वहीपासून वेगळी

यावर फार लांबण लावत नाही. मंडळ नोंदणीकृत असेल तर बँकेत खातं असतंच. टीमसाठी वेगळं खातं उघडता आलं तर उत्तम, नाहीतर निदान वही वेगळी ठेवा आणि पैसे काढायला दोन सह्या लागतील असं करा. वर्गणी, देणगीदार, जर्सीवर नाव टाकणारा दुकानदार या सगळ्यांना पावती द्या. रोख मानधन देत असाल तर ज्याला दिलं त्याची सही घ्या, तो तुमचा चुलतभाऊ असला तरी. खरं तर चुलतभाऊ असला तर आधी घ्या.

आणि बैठकीतच ठरवून घ्या की संघ कोण निवडणार. प्रशिक्षक, की तालमीचे ज्येष्ठ? दोन्ही म्हणालात तर जानेवारीपर्यंत प्रशिक्षक सोडून जाईल.

नोंदणीचा आठवडा

खरा हंगाम इथं सुरू होतो आणि बऱ्याच टीम इथंच निम्म्या हरतात.

पावसाळा ओसरल्यावर नोंदणीची तारीख जाहीर होते. त्याआधी महिनाभर पेठापेठांत कुजबुज असते: अमका त्या तालमीकडे चाललाय, तमक्याला इतके कबूल केलेत. निम्म्या अफवा असतात, पण निम्म्या खऱ्या असतात. तुमच्या चांगल्या खेळाडूला शेवटच्या दिवशी फोन करू नका. मॅनेजर झालात की लगेच घरी जा, आईवडिलांशी बोला. पोरगा काय मागतो त्यापेक्षा त्याला मागच्या वर्षी काय खुपलं ते ऐका. माझा एक डावा बॅक पैशासाठी गेला नाही. आदल्या हंगामात त्याच्या गुडघ्याच्या एमआरआयचे पैसे देतो म्हणून आम्ही चार महिने टोलवलं होतं, म्हणून गेला. बरोबरच होतं त्याचं.

कागदांची यादी प्रत्येक खेळाडूमागे एक प्लास्टिकची फाइल करून ठेवा: जन्मदाखला, आधार, पासपोर्ट आकाराचे फोटो, शिकत असेल तर शाळा-कॉलेजचा बोनाफाइड, आधी दुसऱ्या संघाकडे असेल तर तिथून मोकळं केल्याचा कागद. सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाच्या स्पेलिंगचा. आधारवर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, आणि मागच्या वर्षीच्या नोंदीत तिसरं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीत प्रत्येक खेळाडूला स्वतःचा एक क्रमांक असतो. तो आधी कुठल्याही संघातून, अगदी शाळेच्या वयात, नोंदला गेला असेल तर तोच क्रमांक चालवायचा. नवं खातं काढलंत की एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात आणि मग दोन्ही अडकतात. म्हणून पहिला प्रश्न: “याआधी कुठं खेळलायस, पुण्यात, मुंबईत, अकादमीत?” पोरं विसरतात. आई विसरत नाही, तिला विचारा.

ऑनलाइन अर्ज शेवटच्या रात्री भरू नका. त्या रात्री सगळी तालीम एकाच कॉम्प्युटरभोवती उभी असते आणि ओटीपी ज्याच्या मोबाइलवर जातो तो खेळाडू पन्हाळ्यावर असतो, जिथं रेंज नसते.

परदेशी खेळाडू घ्यायचा बेत असेल तर आणखी दोन महिने आधी उठा. आफ्रिकेतून आलेले खेळाडू लीगच्या मॅच होतात त्या शाहू स्टेडियमला नवे नाहीत, प्रेक्षक त्यांच्यावर जीवही टाकतात. पण दुसऱ्या देशातल्या संघाकडे नोंद असलेल्या खेळाडूसाठी आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट लागतं, हौशी असला तरी. त्याचा व्हिसा कुठल्या प्रकारचा आहे आणि कधी संपतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पासपोर्टवर बघा, मध्यस्थाच्या व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवर विसंबू नका. आणि तो ज्याच्या खोलीत राहणार आहे त्या घरमालकानं २४ तासांत ठरलेला फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) भरून कळवणं बंधनकारक आहे. हे न करता खोली देणारा माणूस पुढच्या वर्षी तालमीच्या दारातून आत येत नाही.

एक मत, पटलं तर घ्या: नोंदणीतल्या शेवटच्या तीन जागा पेठेतल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना द्या. खेळतील न खेळतील. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून उतरलेला अनिकेत जाधव याच शहरातला. पोरगं मैदानाच्या कडेला ट्रॅकसूट घालून बसलं तरी पुढच्या वर्षी वेगळं दिसतं.

सराव, म्हणजे मैदान शोधणं

गांधी मैदान, पेटाळा, दुधाळी, तपोवन. नावं चार, टीम कितीतरी, आणि सकाळी सहाला क्रिकेटवालेही येतात. गांधी मैदानात पाऊस लांबला तर पाणी हटत नाही हे वेगळं. त्यामुळे ऑक्टोबरमध्येच शेजारच्या मंडळाच्या मॅनेजरशी बोलून दिवस वाटून घ्या. तो तुमचा कट्टर विरोधक असेल तरीही. मैदानावरचं वैर संध्याकाळी, सराव सकाळी.

नोकरीवाले, रिक्षावाले, कॉलेजची पोरं अशी मिसळ टीम असते. रोज सगळे येतील ही आशा सोडा. आठवड्यातले तीन दिवस असे ठरवा की त्या दिवशी न येणारा पुढच्या मॅचला पहिल्या अकरात नाही, आणि हा नियम सगळ्यात मोठ्या स्टारवर पहिल्यांदा लावा. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. कोणता खेळाडू कधी बसतोय याची तारीख आधीच लिहून ठेवा.

साहित्याचं थोडक्यात. बॉल पाच नंबरचा, ४१० ते ४५० ग्रॅमचा, हवा ८.५ ते १५.६ पीएसआय. पंक्चरवाल्याकडच्या मीटरवर एकदा मोजून घ्या, सरावातले बहुतेक बॉल दगडासारखे फुगवलेले असतात आणि पोरं हेडर टाळायला शिकतात. जर्सीचे दोन वेगळ्या रंगांचे संच हवेत, कीपरचा तिसराच रंग. शिनगार्ड, म्हणजे नडगीवरचं कवच, सक्तीचे आहेत. दहा जोड्या जादा ठेवा, कुणीतरी विसरतोच.

मॅचचा दिवस

दिवसाला दोन मॅच असतात, एक भर दुपारी आणि एक चारच्या सुमारास. दुपारची पडली तर गणित असं मांडा.

आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा नाही. हे सांगताना मला स्वतःलाच वाईट वाटतं, पण दोनच्या उन्हात तो बरोबर वर येतो. जेवण मॅचच्या तीन तास आधी: भात, आमटी, भाजी, पोळी, तेलकट काही नाही. तासभर आधी केळं चालेल. पाणी सकाळपासून थोडं थोडं.

दीड तास आधी सगळे एका ठिकाणी जमा, तालमीतच जमलेलं बरं. तिथं ओळखपत्रं, जर्सी, शिनगार्ड एकेकाचं बघून घ्या. प्रत्येकानं येताना आणायची ही जबाबदारी खेळाडूवर टाकू नका. ओळखपत्रं तुमच्या पिशवीतच राहू द्या, हंगामभर.

दागिने काढायला लावा. गळ्यातला गंडा, कानातली भिकबाळी, बोटातली अंगठी, हातातलं कडं. टेप लावून झाकलेलं चालत नाही, नियमात स्पष्ट आहे. पंचांनी मैदानावर उभं करून काढायला लावलं की तो खेळाडू पुढची दहा मिनिटं त्याच विचारात असतो.

संघाची यादी भरताना दोन माणसांनी वाचा. जर्सीचा नंबर आणि नाव जुळतं का? बदली खेळाडूंची नावं सगळी लिहिलीत का? यादीत नाव नसलेला माणूस, तो पेठेचा मॅराडोना असला, तरी बाहेरच राहणार. आणि सात खेळाडूंपेक्षा कमी असतील तर मॅच सुरूच होत नाही, तेव्हा “येतोय, ट्रॅफिकमध्ये आहे” म्हणणाऱ्यावर टीम उभी करू नका.

बाकावर फक्त परवानगी असलेली माणसं. तालमीचे माजी खेळाडू, देणगीदार, नगरसेवक सगळ्यांना कुंपणाच्या आत यायचं असतं. त्यांना आत घेतलंत की तेच चौथ्या पंचाशी भांडतात आणि नाव तुमच्या टीमचं लागतं. मी एका वर्षी त्यांच्यासाठी गॅलरीत पहिल्या रांगेत सतरंजी अंथरून ठेवली आणि तिथं चहाची सोय केली. प्रश्न मिटला.

कार्डांची वही

ही गोष्ट माझ्या अंगावरची आहे. चौथ्या मॅचला मी इचलकरंजीला लग्नाला गेलो होतो. माझ्या जागी जो बसला त्यानं आमच्या मधल्या फळीतल्या पोराला मिळालेलं पिवळं कार्ड टिपलं नाही. त्याला वाटलं ते दुसऱ्याला दाखवलं. पुढच्या मॅचला बंदी असताना आम्ही त्याला उतरवला. २-१ नं जिंकलो, पेठेत फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी समोरच्यांची लेखी तक्रार गेली आणि निकाल ०-३ असा उलटा झाला. सातातली एक. पोराला विचारलं तर तो म्हणाला, “दादा, मला वाटलं तुमाला म्हायती असंल.”

तेव्हापासून माझी पद्धत अशी: शंभर पानी वही, प्रत्येक खेळाडूला एक पान. तारीख, समोरचा संघ, मिनिट, पिवळं की लाल, कारण. मॅच संपल्यावर पंचांच्या अहवालाशी नोंद ताडून बघायची, आपल्या डोळ्यावर भिस्त ठेवायची नाही. मॅचच्या आदल्या संध्याकाळी वही उघडून बंदी असलेल्यांची नावं प्रशिक्षकाला आणि त्या खेळाडूला, दोघांनाही सांगायची. एकाच मॅचमधली दोन पिवळी म्हणजे लाल. वेगवेगळ्या मॅचमधली साठत जातात. दोन्हीचा हिशेब वेगळा ठेवा. बंदी लीगमधून पुढच्या स्पर्धेत ओढली जाते का, हेही परिपत्रकात बघून पानाच्या वर लिहा.

तक्रार करायची वेळ तुमच्यावर आली तर ती लेखी, ठरलेल्या मुदतीत, फी भरून करायची. मैदानावर ओरडून केलेली तक्रार कुणी नोंदवत नाही, ओरडणारा मात्र नोंदला जातो.

पंच

पंचही आपल्यातलेच. बहुतेक जण नोकरी सांभाळून, हौसेनं शिट्टी वाजवतात, आणि निम्मे एकेकाळी याच मैदानावर खेळलेले. कर्णधारानंच बोलायचं, बाकीच्यांनी नाही, हे पोरांना पहिल्या दिवशी सांगा.

हंगाम सुरू होण्याआधी एक संध्याकाळ नियमांसाठी काढा. आमच्या टीममध्ये दहा वर्षं खेळलेल्या फॉरवर्डला थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो हे ठाऊक नव्हतं. गोल किकवर आणि कॉर्नरवरही नसतो. २०२५ च्या जुलैपासून कीपरनं बॉल हातात ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. शेवटच्या मिनिटांत बॉल कवटाळून झोपणाऱ्या कीपरला हे सरावातच घड्याळ लावून शिकवा. बाकीची टीम मोजेल मोठ्यानं, मजाही येते.

दुखापत

पिशवीत काय हवं: बर्फाची पेटी, क्रेप बँडेज, जंतुनाशक, कापूस, चिकटपट्टी, ओआरएसची पाकिटं, कात्री. स्प्रे दिसायला भारी असतो, पण बर्फाची बरोबरी नाही. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, मग थांबून पुन्हा. मुरगळलेल्या पायाला लगेच मालीश करायला तालमीतले जुने पैलवान पुढे येतील. त्यांचा मान राखून पहिले दोन दिवस थांबवा, ताज्या सुजेवर चोळलं की आतला रक्तस्राव वाढतो.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या बाटलीत सगळं पाकीट टाकून दाट करून देऊ नका.

डोक्याला डोकं आपटलं आणि खेळाडू क्षणभर जरी बेशुद्ध झाला, अडखळायला लागला किंवा “कितवा हाफ चाललाय” विचारायला लागला, तर तो त्या दिवशी परत मैदानात जाणार नाही. तो हट्ट करेल, गॅलरी ओरडेल, प्रशिक्षक तुमच्याकडे बघेल. तरीही नाही. दवाखान्यात न्या, गरज वाटली तर १०८ लावा.

गॅलरीतली पेठ

शाहू स्टेडियमची गॅलरी भरते ती फुटबॉलसाठी, आणि बिघडते ती मोबाइलवरच्या स्टेटसमुळे. हुल्लडबाजीनं मॅच थांबलेल्या, स्पर्धा अर्ध्यावर राहिलेल्या आपण पाहिल्या आहेत. मॅनेजर म्हणून तुम्ही हजारो लोक आवरू शकत नाही, पण पेठेत अशी पाचसहा पोरं असतात ज्यांचं बाकीचे ऐकतात. त्यांना ओळखा, आदल्या रात्री त्यांच्यासोबत चहा घ्या, आणि समोरच्या पेठेला डिवचणारी पोस्ट कुणी टाकली तर ती तासाभरात काढून घ्यायचं काम त्यांच्याकडे द्या. मॅच संपल्यावर जिंकलात तरी आणि हरलात तरी टीम एकाच वाटेनं, एकत्र तालमीत परत. विजयाची रॅली समोरच्यांच्या दारावरून नेऊ नका. या एका गोष्टीसाठी मी एकदा तालमीत शिव्या खाल्ल्या आहेत, पुन्हाही खाईन.

लीगनंतर

लीग संपली म्हणजे हंगाम संपला नाही. मग चषकांचे सामने लागतात, बाद पद्धतीचे, बक्षिसाच्या मोठ्या रकमांचे, भर उन्हाळ्यात. बाद फेरीत बरोबरी झाली की टायब्रेकर. त्यासाठी पाच जणांची यादी आधीच तयार असू द्या आणि सरावात थकल्यावर पेनल्टी मारायला लावा, ताजेतवाने असताना नाही. पहिल्या पाचांत निकाल लागला नाही तर सडन डेथ, म्हणजे निकाल लागेपर्यंत दोघांची एकेक पेनल्टी, आणि तिथं सहाव्या माणसाचं नाव ऐनवेळी विचारलं की सगळे बुटाच्या नाड्या बांधायला वाकतात.

शेवटची मॅच झाली की तिसऱ्या दिवशी जर्सी गोळा करा. आठवडा गेला की त्या पेठेतल्या दोरीवर, दुकानात, कुणाच्या तरी मेहुण्याच्या अंगावर दिसतात. मोजून धुवायला टाका. हिशेब लिहून बैठकीत वाचून दाखवा, आणि कार्डांची वही, ओळखपत्रांची पिशवी, फाइली सगळं एका पेटीत घालून कुलूप लावा. किल्ली पुढच्या मॅनेजरला द्यायची असते. तो कोण, ते विसर्जनानंतरच्या बैठकीत ठरेल. त्या दिवशी शक्यतो मागं बसा.